तिसऱ्यांदा टाके घातले नाहीत

टाके पुन्हा उकलले होते.

सुमनकाकूंचा वरचा ओठ मी दात तपासायच्या आरशानं वर उचलला. काळ्या रेशमी धाग्याची टोकं हिरडीवर लोंबत होती. हिरडीच्या ज्या दोन कडा मी शिवून एकत्र आणल्या होत्या, त्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या. मधे लालभडक जागा, तिच्यावर पिवळट साय आणि कडेला तपकिरी डाग.

मागून क्लिनिकचे मालक, आमचे सर, वाकून बघत होते.

“तू टाके घालून राहिली का गोधडी शिवून राहिली?” पेशंटसमोरच म्हणाले.

माझे कान तापले. मी नागपूरहून डिग्री घेऊन आलेली डेंटिस्ट. कॉलेजात माझ्या टाक्यांचं कौतुक व्हायचं. आणि इथं एकदा नाही, दोनदा फजिती! दुसऱ्या वेळी तर सर स्वतः शेजारी उभे राहून “और टाइट, और टाइट” म्हणत होते. पण ते आता कोणाला आठवतंय.

काकू मात्र खुर्चीत शांत होत्या. माझी बोटं तोंडातून निघाल्याबरोबर म्हणाल्या, “तिले नका बोलू हो डॉक्टर. पोट्टीचा हात हलका आहे. माझंच मांस म्हातारं झालं असन.”

ही गोष्ट रायपूर नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालं तेव्हाची. समता कॉलोनीत आमच्या क्लिनिकसमोरचा रस्ता कायम कोणीतरी खोदून ठेवलेला असायचा. सरांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. मराठी बोलता बोलता ते हिंदीत शिरत आणि परत यायचं विसरत. मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट होते. माझा जन्मही रायपूरचाच, त्यामुळे आपल्याला हे गाव तळहातासारखं माहीत आहे असा माझा ठाम समज होता.

सुमनकाकू मूळच्या आर्वीकडच्या. लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि रायपूरच्याच झाल्या. यजमान वारले होते. मुलगा नितीन सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटमध्ये नोकरीला, घर भनपुरीच्या अलीकडे. आईचं सगळं मराठी त्याला कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

काकूंची रायपूरच्या मराठी घरांत एक खास ओळख होती. कोणाच्याही घरचं लग्न असो, मंगलाष्टकं काकू म्हणायच्या. नुसती म्हणायच्या नाहीत, नवरा-नवरीची, आईवडिलांची नावं गुंफून स्वतः रचायच्या. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांचा आवाज लागला तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली होती, हे मी स्वतः पाहिलंय. आता नितीनचं लग्न ठरलं होतं. मुलगी यवतमाळची. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी गायलेल्या बाईच्या तोंडात वरचा एकही दात उरला नव्हता.

“ऐक,” पहिल्या दिवशीच त्यांनी मला म्हणून दाखवलं होतं. ‘सावधान’मधला स नुसता हवा होऊन बाहेर पडला. स्वतःच खदखदून हसल्या आणि मग डोळे पुसले. “बोळकं तोंड घेऊन विहिणीसमोर उभी राहीन मी, त्याचं काही नाही. पण पोराच्या लग्नात मले गायचं आहे. तेवढं कर बाई.”

तेवढं करायचं म्हणजे वरची कवळी बसवायची. पण दात काढल्यावर काकूंच्या हिरडीखालचं हाड खडबडीत राहिलं होतं. दोन-तीन टोकं चक्क बोटाला लागायची. त्यावर कवळी बसवली असती तर पायताणात खडा गेल्यासारखं झालं असतं. अशा वेळी एक छोटं ऑपरेशन करतात. जागा बधिर करायची, हिरडीला चीर द्यायची, ती बाजूला सारून हाड कानशीनं घासून गुळगुळीत करायचं आणि हिरडी परत जागेवर ठेवून टाके घालायचे. आठवड्यानं टाके काढायचे. हिरडी नीट भरली की कवळीचं माप घ्यायचं. भरली नाही तर माप नाही, आणि माप नाही तर कवळी नाही.

काकूंची हिरडी भरतच नव्हती. पहिल्यांदा टाके उकलले तेव्हा साखर तपासली. नॉर्मल निघाली. मग सर म्हणाले, कडा जरा कापून ताज्या कर आणि पुन्हा शिव. उकललेल्या जखमेवर पुन्हा टाके घालणं मला पटत नव्हतं, कारण अशा कडा भिजल्या कागदासारख्या असतात, धागा धरत नाहीत. पण सरांचं एक तत्त्व होतं. टाका दिसला की पेशंटला वाटतं डॉक्टरनं काहीतरी केलं. टाका नाही म्हणजे फी कशाची, असं लोक विचारतात. तर मी शिवलं, आणि आज हे असं समोर होतं.

नितीन बाहेर बसला होता. त्याला आत बोलावलं.

“मैडम, दो बार टाँके लगाए, दो बार खुल गए. प्रॉब्लेम क्या है?” आवाज चढलेलाच होता. “हमारे उधर काला डस्ट कितना उड़ता है, वो तो नहीं?”

सरांनी त्या तपकिरी डागाकडे पाहिलं आणि मान डोलावली. “हो सकता है.”

मला हसू आणि राग दोन्ही आले. भनपुरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर प्लांटची काजळी बसते हे खरं. पण त्या धुळीनं तोंडातल्या जखमा उकलल्या असत्या, तर अर्ध्या भनपुरीची तोंडं उघडी पडली असती. मी गप्प राहिले. नोकरी नवी होती.

नितीन बाहेर गेल्यावर सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, जखम एवढे दिवस भरत नाही म्हटल्यावर तुकडा तपासायला पाठवावा लागन. उगाच रिस्क नको.”

सरांचं चुकत नव्हतं. तोंडातली जखम विनाकारण रेंगाळली तर कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं. पण काकूंचे कान तिखट. खुर्चीतूनच त्यांनी विचारलं, “तुकडा काढला, तर कवळी?”

“मग पुढं जाईल, काकू.”

“लग्नाच्या पुढं?”

मी मान डोलावली. काकूंनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. नुसत्या छताकडे बघत बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

मी सरांना म्हटलं, तुकडा उद्या काढू, आज मला काकूंशी जरा बोलू द्या. सर घड्याळाकडे बघत जेवायला गेले. नितीनला मी मेडिकलमधून सलाईनची बाटली आणायला पाठवलं. तशी बाटली क्लिनिकमध्ये होतीच.

मग मी स्टूल ओढून काकूंसमोर बसले.

“काकू, तंबाखू?”

“राम राम! काहून विचारून राहिली सारखं सारखं? पहिल्या दिवशी सांगितलं ना तुले. आमच्या सात पिढ्यांत कोणी तंबाखूला हात लावला नाही.”

“सुपारी? पान?”

“लग्नाकार्यात एखादं. दात होते तेव्हा.”

“बरं. मग आता सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा. एकही गोष्ट सोडू नका.”

“काय करणार बाप्पा? उठते. मंजन करते. चहा टाकते. नितीनचा डबा करते. तो गेला की मग निवांत बसून मंजन करते. आंघोळ, पूजा. दुपारी जेवण झालं की मंजन. मग जरा पडते…”

“थांबा.”

“काय झालं?”

“काकू, तुमच्या तोंडात वरचे दात नाहीत. खाली पुढचे चार उरलेत. एवढं मंजन कशाला करता?”

काकूंनी उजवा हात पदराखाली घेतला.

“हात दाखवा बरं,” मी म्हटलं.

उजव्या हाताची तर्जनी त्यांनी मुठीत लपवली. मी मूठ सोडवली. बोटाचं टोक तपकिरी होतं. जखमेच्या कडेला होता, तोच रंग.

काकूंनी पिशवी उघडली. आतला रुमाल सोडला. रुमालात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात एक छोटा गोल डबा. झाकण उघडल्याबरोबर गुळाचा आणि तंबाखूचा एकत्र वास आला. गुडाखू! छत्तीसगढबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळपट चिकट राबडी. बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची, बराच वेळ चोळत बसायचं आणि मग चूळ भरायची. इकडं पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे गल्लीगल्लीत, नळाशी बसून बाया ती करत असतात. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मंजन म्हणतात.

“काकू! अहो, ही तंबाखूच आहे!”

“हट! तंबाखू खातात. हे काय खायचं आहे? थुंकून टाकतो ना आपण. मंजन आहे हे.”

“मग रुमालात बांधून का ठेवलंय?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. नवी नवरी म्हणून रायपुरात आल्या तेव्हा इथली भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. नितीनच्या वेळी दिवस गेले असताना दाढ ठणकायला लागली. यजमान ड्युटीवर. शेजारच्या क्वार्टरमध्ये बिसाहिन नावाची बाई होती. तिनं काकूंच्या तळहातावर बोटभर गुडाखू ठेवला आणि म्हणाली, “ले बहिनी, घस ले.” दाढ शांत झाली. डोकं जरा गरगरलं, पण बरं वाटलं. मग दुपारी दोघी नळाशी बसून घासायला लागल्या. काकू छत्तीसगढी शिकल्या त्या तिथंच.

“ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. नितीनले तर माहीतच नाही. आपल्या बायांत कळलं असतं, तर मंगलाष्टकांना कोणी बोलावलं असतं का मले? त्यांना वाटते, हे इकडच्या बाया करतात, आपल्यातल्या नाही.”

मलाही तेच वाटत होतं. भाजीवाली आली की सर आणि मी दोघंही तिला ‘गुड़ाखू करती हो क्या?’ असं हमखास विचारायचो. स्वतःचा नऊवारीतला फोटो पर्समध्ये ठेवणाऱ्या सुमनकाकूंना कोणी विचारलं नव्हतं.

आता सगळं कोडं सुटलं होतं. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं. त्यात गुळाचा चिकटा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोट. मी टाके घालायचे आणि काकूंनी दिवसातून चार-पाचदा त्याच टाक्यांवर बोट घासायचं. लोखंडी तारेनं शिवलं असतं, तरी उकललं असतं.

“काकू, हे बंद करा. नाहीतर गाणं विसरा.” मी सरळ सांगितलं. गोड बोलायला वेळ नव्हता.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. उघडलं. परत लावलं. मग डबा माझ्या हातात दिला.

“लग्नापर्यंत तुझ्यापाशी ठेव. घरी राहिला तर माझा हात जाईन. पण नितीनले सांगू नको. तुझ्या पाया पडते.”

“अहो, पाया कसल्या पडता! नाही सांगणार.”

सरांना मात्र सांगावंच लागलं, पेशंट त्यांचाही होता. हात पुसता पुसता ते थांबले.

“सुमनकाकू? गुडाखू? शक्यच नाही!”

मी ड्रॉवर उघडून डबा दाखवला. सर खुर्चीवर बसले.

“सर, तुकडा जरा थांबवू. ह्या वेळी मी जखम साफ करते आणि उघडी सोडते. टाके घालत नाही. आठ दिवसांत भरायला लागली नाही तर तुम्ही म्हणाल तसं.”

“बिना टाक्याची? तो नितीन क्लिनिकमध्ये तोडफोड करन.”

“करू दे. त्याला मी सांगते.”

सरांनी ड्रॉवर ढकलून बंद केला. मग म्हणाले, “आठ दिवस. जादा नाही.”

जखम दोन तऱ्हांनी भरते. कडा जवळ आणून टाके घातले, तर त्या लवकर जुळतात, वण बारीक राहतो. पण कडा कुजट असतील, ओढून आणाव्या लागत असतील, तर टाका उलट त्रास देतो. तेव्हा जागा स्वच्छ करून उघडी ठेवायची. ती तळापासून भरत वर येते. वेळ लागतो, पण पक्की भरते. नितीनला हे समजावताना मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. “वो सड़क का गड्ढा ऊपर से भरते हैं, इसलिए बारिश में फिर खुल जाता है. आपकी माँ का नीचे से भरेगा.”

“मतलब पहले वाले टाँके गलत थे?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बाकी चेहरा गप्प, पण डोळे हात जोडून होते.

“हाँ,” मी म्हटलं. “मेरे टाँके बैठे नहीं.”

नितीननं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. मी ऐकून घेतलं. घरी जाऊन आईवर मात्र दिवसभराचा राग काढला आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकू रोज क्लिनिकमध्ये हजर. मी त्यांना रोज बोलावलं नव्हतं. डबा करून झाला, नितीन गेला, म्हणजे त्यांच्या निवांत मंजनाची वेळ झाली, की ऑटोत बसून यायच्या आणि बाकावर ठाण मांडायच्या. इथं चारचौघांत हात तोंडात जायचा नाही, हे त्यांचं गणित. तलफ आली की डोकं धरायच्या. चिडायच्या. एका पेशंटला तर “काहून एवढा कण्हतो रे, दातच दुखून राहिला ना?” म्हणून झापलं. मग जरा बरं वाटलं की कोमट मिठाच्या पाण्याची चूळ भरायच्या आणि जुन्या पाकिटाच्या पाठीवर मंगलाष्टकं जुळवत बसायच्या. सुनेच्या नावाला यमक सापडेना म्हणून मलाही कामाला लावलं.

मी रोज ओठ उचलून बघायची. आधी ती पिवळट साय गेली. मग तळाला खसखशीएवढे लाल दाणे दिसायला लागले. हे दाणे म्हणजे नवं मांस. डेंटिस्टला ते दिसले की किती आनंद होतो, ते डेंटिस्टलाच कळतं. मी सरांना हाक मारली. ते आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

“हं,” म्हणाले आणि गेले.

सरांकडून ‘हं’ म्हणजे शाल-श्रीफळ.

तुकडा तपासायची घाई टळली. पण इतक्या वर्षांची सवय म्हटल्यावर लग्नानंतर सरांनी गालाच्या आतला एक पांढुरका डाग तपासून घेतलाच. तो साधा निघाला. काकूंना मी नंतरही दर काही महिन्यांनी बोलावत राहिले.

हिरडी भरली. माप घेतलं, कवळी बनली, आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकूंच्या तोंडात बसली. पहिल्यांदा आरशात बघून म्हणाल्या, “बाप्पा! ही कोण बाई?” मग लगेच ‘सावधान’ म्हणून पाहिलं. स जागेवर होता.

लग्नाला मी गेले. सरही आले. अंतरपाट धरला गेला, काकू माईकपाशी गेल्या. पहिल्या ओळीला आवाज कापला. मग लागला. आर्वी, रायपूर, यवतमाळ, गेलेले यजमान, सगळ्यांना त्यांनी त्या ओळींत आणून बसवलं. एके ठिकाणी कवळीनं स ला बारीक शिट्टी वाजवली. कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली, आणि मला रडूच फुटलं. शेजारी सर अक्षतांची मूठ धरून उभे होते, टाकायचं विसरून. जाताना नितीन माझ्यापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, “सॉरी मैडम, उस दिन ज़्यादा बोल दिया.” मी म्हटलं, जेवायला चला.

लग्नाचे पाहुणे गेल्यावर काकू आल्या. हातात लाडवाची पिशवी. बाकावर न बसता सरळ आत.

“माझी ठेव दे.”

माझं तोंड उतरलं. पण शब्द दिला होता, लग्नापर्यंतचा. मी ड्रॉवर उघडला. काकूंनी डबा घेतला, झाकण काढलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

“राहू दे इथंच. नातवंडांची मंगलाष्टकं बाकी आहेत माझी.”

मी त्यांना मिठीच मारली. “अव, कवळी पडन ना!” म्हणाल्या.

आज ते क्लिनिक मी चालवते. हाताखाली नवे डॉक्टर येतात. टाके सुंदर घालतात, माझ्यापेक्षाही सुंदर. कोणी पेशंटला विचारतं, “तंबाखू खाते हैं?” आणि पेशंट प्रामाणिकपणे “नहीं” म्हणतो. मग मी काही न बोलता ड्रॉवर उघडते आणि काकूंचा डबा टेबलावर ठेवते.

“अरे मैडम,” पेशंट हसतो, “ये तमाखू थोड़ी है. ये तो मंजन है.”

टाके घालायचे की नाही, ते आम्ही त्यानंतर ठरवतो.